होमवुड हाउस, ग्लासगो: फर्निचर बघायला जाणाऱ्यांसाठी नाही

आधी निकाल, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. ग्लासगोच्या दक्षिणेला कॅथकार्ट भागात, व्हाइट कार्ट नदीच्या वरच्या अंगाला, होमवुड हाउस नावाचं घर आहे. 1857-58 मध्ये बांधलेलं, वास्तुकार अलेक्झांडर थॉमसन, आणि 1994 पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या ताब्यात. मूळ मालकांचं सामान जवळजवळ काहीच उरलेलं नाही. छत्रीपलंग, चांदीचे चमचे, मांडून ठेवलेलं जेवणाचं टेबल, दोरीपलीकडून बघायचे गालिचे असली हौस असेल तर हे घर तुमच्यासाठी नाही. त्यासाठी स्कॉटलंडात गढ्या आणि वाडे पुष्कळ आहेत. पण भिंत, खिडकी, छत आणि उजेड एवढ्या चार गोष्टींवर एक माणूस काय काय करू शकतो हे बघायचं असेल तर तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होतात. अट एकच. काय बघायचं ते आधी माहीत हवं, नाहीतर वीस मिनिटांत रिकाम्या खोल्या फिरून माणूस बाहेर येतो आणि ‘एवढंच?’ म्हणतो.

ग्लासगोत आलेल्या पाहुण्यांच्या यादीत पहिलं नाव वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉशचं असतं. ते योग्यच आहे, पण मॅकिंटॉशला 1890 मध्ये इटलीच्या अभ्यासदौऱ्यासाठी जी शिष्यवृत्ती मिळाली ती थॉमसनच्याच स्मरणार्थ सुरू केलेली होती, हे पर्यटन माहितीपत्रकांत फारसं येत नाही. पुढे ज्याच्या वळणदार रेषांची जगभर नक्कल झाली त्या मॅकिंटॉशने ती स्पर्धा जिंकली ती अभिजात शैलीतल्या सार्वजनिक सभागृहाच्या आराखड्यावर. शहराची आधीची पिढी कोणाच्या छायेत वाढली हे त्यावरून कळतं.

थॉमसनचा जन्म 1817 चा, स्टर्लिंगशायरमधल्या बॅलफ्रन या गावचा. वडील तिथल्या सूतगिरणीत हिशेबनीस. ते लवकर गेले, कुटुंब ग्लासगोकडे सरकलं, आणि पोरगा वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. तिथे त्याची चित्रं रॉबर्ट फूट नावाच्या वास्तुकाराच्या नजरेस पडली आणि उमेदवारी मिळाली. पुढे जॉन बेअर्ड यांच्या कचेरीत बरीच वर्षं काम. मग त्याच नावाच्या, पण नात्यात नसलेल्या दुसऱ्या जॉन बेअर्डबरोबर भागीदारी. 1847 मध्ये दोघांनी एकाच दिवशी दोन बहिणींशी लग्न केलं, त्यामुळे भागीदार साडूही झाले. नंतर धाकटा भाऊ जॉर्ज सोबतीला आला. तो 1871 मध्ये धर्मप्रचारक म्हणून कॅमेरूनला निघून गेला. थॉमसन 1875 मध्ये वारला. हयातीत त्याने ब्रिटन कधी सोडलं नाही. ‘ग्रीक थॉमसन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने ग्रीस पाहिलेलंच नव्हतं. पुस्तकांतली कोरीव चित्रं, जर्मन वास्तुकार शिंकेलचे आराखडे आणि इजिप्तच्या मंदिरांची रेखाटनं यांवर त्याचं शिक्षण झालं.

होमवुड बांधून घेणारा जेम्स कूपर कागदाचा कारखानदार. त्याची मिलहोम गिरणी खाली नदीच्या खोऱ्यात होती. वर घर, खाली गिरणी.

आता घराकडे. फाटकातून आत आल्यावर दाराकडे धावू नका. समोरच्या हिरवळीवर उभं राहून दहा मिनिटं दर्शनी बाजू बघा, कारण होमवुडची निम्मी किंमत तिथेच आहे. एका बाजूला बैठकीच्या खोलीचा अर्धगोल पुढे आलेला भाग. दुसऱ्या बाजूला जेवणाच्या खोलीची उंच, देवळाच्या तोंडासारखी बाजू, वर सपाटीकडे झुकलेलं त्रिकोणी छप्पर. मधल्या भागावर डोकं काढलेला जिन्यावरचा काचेचा मनोरा. आणि या सगळ्याला जमिनीलगत बांधून ठेवणारी लांबलचक भिंत, जी पार बग्गीखान्यापर्यंत जाते. डावं-उजवं सारखं कुठेच नाही, तरी काही लंगडं वाटत नाही. तोल सांभाळतात त्या आडव्या रेषा. एकदा डोळ्यांना त्या सापडल्या की जोत्यापासून छपराच्या कडेपर्यंत एकेक रेषा घरभर कशी फिरते हे दिसत जातं.

सर्वात आधी पाहायचा तो अर्धगोल भाग. नेहमीच्या घरात खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. खांब असतील तर खांबांच्या मधे चौकट बसवतात आणि काचेचे तुकडे पडतात. थॉमसनने इथे दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. बाहेर दगडी खांबांची गोलाकार रांग सुटी उभी आहे. तिच्या मागे, मधे जागा सोडून, लाकूड आणि काचेचा पडदा सलग फिरवला आहे. भार दगड उचलतो, वारा-पाऊस काच अडवते, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्यामुळे प्रत्येक खांब पूर्ण गोल दिसतो, त्याच्यामागे गडद सावली पडते, आणि बाहेरून काच जवळजवळ नाहीशी होते. काच आणि बांधकाम यांची अशी फारकत विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकलेची ओळख मानली जाते. हा गृहस्थ ती 1857 मध्ये वालुकाश्मात करत होता.

हे त्याने का केलं, याचं उत्तर त्याच्या हट्टात आहे. थॉमसनला कमान मान्य नव्हती. दोन खांब आणि वर आडवी तुळई हीच खरी रचना. कमान सतत बाजूंना ढकलत राहते, म्हणजे स्वतःच्या नाशाची सोय स्वतःच करते, असं त्याचं म्हणणं. स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधलं उभ्या-आडव्या शिळांचं प्राचीन वर्तुळ, हे यॉर्क मिन्स्टर या गॉथिक चर्चपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध बांधलेलं आहे, असं त्याने भर व्याख्यानात सांगितलं होतं. पण दगडी तुळईची एक अडचण आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. तुळईच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि अंतर वाढलं की ती तिथून तडकते. आपल्या हेमाडपंती देवळांच्या सभामंडपात खांबांची गर्दी असते ती याच कारणाने. म्हणजे कमान नको म्हटलं की खांब जवळजवळ आले, खांब जवळ आले की खिडक्या अरुंद झाल्या, आणि ग्लासगोच्या मळभात अरुंद खिडकी म्हणजे अंधार. यावर तोड म्हणून खिडक्यांची सलग रांग लावायची आणि काच मागे नेऊन ती अखंड ठेवायची. होमवुडचं देखणेपण या अडचणीतून निघालेलं आहे, आणि ते ध्यानात आलं की बाकीचं घर आपोआप उलगडतं.

याच हट्टापायी त्याने 1866 मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या नव्या इमारतीसाठी निवडलेल्या गॉथिक आराखड्यावर जाहीर टीका केली. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. मुंबईकरांना हा स्कॉट चांगला ओळखीचा असायला हवा: फोर्टमधलं विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याच्याच आराखड्यांवर उभे आहेत. थॉमसन ग्रीसला गेला नाही, स्कॉट हिंदुस्थानात आला नाही. वादात थॉमसन हरला. ग्लासगो विद्यापीठ गॉथिकच झालं आणि आज शहराच्या बहुतेक पोस्टकार्डांवर तेच असतं.

आत गेल्यावर खोल्यांचा क्रम महत्त्वाचा. दालनातून आधी बैठकीच्या खोलीत जा आणि त्या अर्धगोल खिडकीत आतल्या बाजूने उभे राहा. बाहेरून पाहिलेली युक्ती इथे उलटी दिसते: काच सलग, आणि खांब पलीकडे बागेत उभे असल्यासारखे. मग समोरची जेवणाची खोली. घरातली ही सर्वात भारी खोली, आणि वेळ द्यायचा तो इथेच. छत उंच. भिंतींच्या वरच्या भागात फिरणारा चित्रपट्टा होमरच्या इलियडमधल्या प्रसंगांचा आहे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनने रेखाटलेल्या चित्रांवरून तो मोठा करून घेतला आहे. फ्लॅक्समनची मूळ चित्रं केवळ बाह्यरेषांची, छायाप्रकाश नसलेली, म्हणूनच ती एवढी वाढवूनही भिंतीवर सपाट बसतात आणि भिंतीला भोक पाडत नाहीत. छायाप्रकाशाचं खोल चित्र असतं तर खोलीची उंची खाऊन टाकली असती.

त्याच खोलीच्या टोकाला कोनाड्यात पांढऱ्या संगमरवराचा साइडबोर्ड, म्हणजे जेवणाचे पदार्थ-भांडी मांडायचा ओटा, आहे. तो जॉर्ज मॉसमन या ग्लासगोच्या शिल्पकाराचा. तो पाहताना मान वर करा. कोनाड्याच्या छतात काच आहे आणि वरून पडणारा उजेड थेट संगमरवरावर उतरतो. खोलीच्या खिडक्या एका बाजूला, हा उजेड दुसऱ्या बाजूला. जेवणाचं टेबल कल्पनेने मधे ठेवून बघा: खिडकीकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्याच्या समोर काळोखा कोपरा न येता उजळलेला दगड यायचा. खोलीत टेबल नसल्याने उलट हे नीट कळतं, कारण मधे उभं राहून दोन्हीकडे बघता येतं.

जिना सावकाश चढा. वरच्या काचेच्या मनोऱ्यातून येणारा उजेड पायरीगणिक वाढतो. खालचं दालन मुद्दाम बेताच्या उजेडाचं आहे, म्हणून जिन्याचा परिणाम होतो. वर दिवाणखाना, अर्धगोल खोलीच्या डोक्यावर. इथे छताकडे आणि दारांच्या चौकटींकडे बघा. थॉमसनची नक्षी बहुतेक वेळा उठावाची नसते, कोरलेल्या बारीक रेषांची असते. लाकडात तीच, दगडात तीच. त्या रेषांना तिरपा उजेड लागतो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत त्या सपाट होऊन जातात, म्हणून फ्लॅश बंद ठेवून बाजूने काढा. बाहेरच्या दगडाचंही तेच: भर दुपारी ढगाळ उजेडात जी भिंत कोरी वाटते तीच संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नक्षीने भरून येते.

आता रंगांबद्दल, कारण इथेच पाहुण्यांचा गोंधळ उडतो. घराचे मालक बदलत गेले. 1958 पासून तर इथे ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता आणि शाळा भरायची. दर वेळी भिंतींवर नवा थर चढला. ट्रस्टने घर घेतल्यावर 1990 च्या दशकात जे जीर्णोद्धाराचं काम झालं, त्यात जुने रंग शोधणं हा मोठा भाग होता. त्यामुळे काही भाग मूळचा, उघडा केलेला. काही त्या पुराव्यावरून नव्याने रंगवलेला. एकाच भिंतीवर गुळगुळीत ताजा रंग आणि शेजारी खरवडलेला डागाळलेला तुकडा दिसला तर ते अर्धवट सोडलेलं काम समजू नका. तो डागाळलेला तुकडा म्हणजेच 1858 चा पुरावा.

असं काम कसं करतात हे माहीत असेल तर बघायला जास्त मजा येते. भिंतीवर छोट्या चौकोनात एकेक थर धारदार पात्याने काढत पायऱ्या करतात, म्हणजे सर्वात खालचा थर ते सर्वात वरचा अशी शिडी दिसते. शेजारून ज्वारीच्या दाण्याएवढा नमुना काढून तो राळेत बसवतात, कापून घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. गफलत दोन ठिकाणी होते. पहिली: जुना तैलरंग जवसाच्या तेलातला. हे तेल अंधारात, म्हणजे दुसऱ्या थराखाली झाकलेलं असताना, पिवळं पडतं. खरवडल्यावर दिसणारा रंग तसाच्या तसा जुळवला तर सगळं घर पिवळट, काळपट होतं. म्हणून उघडा केलेला तुकडा काही काळ उजेडात ठेवून, पिवळेपणा उतरल्यावर मग रंग जुळवायचा असतो. दुसरी: विसाव्या शतकातले प्लास्टिक रंग खालच्या थराला घट्ट चिकटतात आणि निघताना मूळ स्टेन्सिलची नक्षी सोबत घेऊन येतात. म्हणून सगळीकडे उघडं करणं शक्य नसतं, आणि शहाणपणाचंही नसतं. एका भागाचा पुरावा सापडला, नक्षीची पुनरावृत्ती कळली, की बाकी भाग नवा रंगवून खालचा तसाच झाकलेला ठेवणं बरं.

अभिजात ग्रीक म्हणजे पांढरंशुभ्र, अशी समजूत घेऊन येणाऱ्यांना होमवुडचे गडद रंग आणि सोनेरी ठिपके भडक वाटतात. पण प्राचीन ग्रीक देवळं रंगवलेली होती हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांना चांगलंच ठाऊक झालं होतं, आणि थॉमसन त्या बातमीच्या बाजूने होता. पांढऱ्या भिंतीवर त्याची बारीक नक्षी वाचताच येत नाही. रंग काढून घेतला तर घर अर्धं होईल.

बाहेर पडल्यावर घराला एक फेरी मारा आणि यावेळी दगड बघा. ग्लासगोच्या त्या काळच्या इमारती फिकट पिवळसर वालुकाश्माच्या आहेत. शहराच्या आसपास गिफनॉक, बिशपब्रिग्ज अशा ठिकाणी त्याच्या खाणी होत्या. कोरायला मऊ, म्हणून थॉमसनच्या बारीक रेषांना सोयीचा, आणि त्याच कारणाने भंगायला सोपा. ग्लासगोत वर्षाला साधारण 1,100 ते 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईला याच्या जवळपास दुप्पट, पण तिथे तो चार महिन्यांत उरकतो आणि मग दगडाला सुकायला आठ महिने मिळतात. ग्लासगोत तो बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो, दगड सुकतच नाही, आणि हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुगतं.

थॉमसनच्या इमारती आजारी पडतात त्या बहुतेक तीन-चार ठरावीक कारणांनी, आणि शहरात फिरताना ती ओळखता येतात. छपराचा उतार कमी ठेवणं हा त्याच्या आडव्या रेषांचा भाग. पण स्लेटच्या पाट्यांना उतार जितका कमी तितका एकमेकींवरचा चढाव जास्त लागतो, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी उलटं वर चढतं. त्यात पन्हळी कठड्यामागे लपवलेल्या. बाहेर लटकणारी पन्हळ तुंबली की पाणी रस्त्यावर सांडतं आणि सगळ्यांना कळतं. लपलेली तुंबली की पाणी भिंतीच्या आत उतरतं आणि तुळयांची टोकं कुजेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. अशा घराला वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि हिवाळा संपताना, पन्हळी साफ करणं याला पर्याय नाही. दुसरं, सिमेंट. जुन्या बांधकामात दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्याने भरलेल्या. भिंतीतला ओलावा त्या वाटेने बाहेर पडायचा. नंतर कोणीतरी टिकाऊ म्हणून सिमेंटने दरजा भरतो, ओलाव्याची वाट बंद होते, तो दगडाच्या तोंडातून निघू लागतो, सोबत क्षार आणतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरजेची रेषा पुढे आणि दगड आत खचलेला दिसला की समजा, हेच. तिसरं, घडाई. वालुकाश्माचे थर खाणीत जसे आडवे असतात तसेच भिंतीत आडवे बसले पाहिजेत. उभे बसवले तर वहीची पानं सुटावीत तसे ते बाहेर येतात. आणि चौथं म्हणजे साफसफाईचा अतिरेक. कोळशाच्या धुराची काजळी काढण्यासाठी 1970 च्या दशकानंतर शहरात आम्ल आणि वाळूचे फवारे मारले गेले. भिंती उजळल्या, आणि त्याबरोबर कितीतरी ठिकाणी थॉमसनच्या काळातली छिन्नीची रेघही गेली.

होमवुडची बाग छोटी पण टापटीप आहे, परसबागेत भाज्या आणि औषधी झाडं लावलेली असतात. शेजारीच लिन पार्क आहे, तिथे नदीकाठाने चालता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर हे दोन्ही कामाला येतं, कारण आत त्यांच्यासाठी करमणूक कमी.

फक्त होमवुड पाहून परत गेलात तर थॉमसन अर्धाच कळेल. घर हा त्याच्या कामाचा एक भाग. शहराचे रस्ते दुसरा. परतताना लँगसाइडच्या मॅन्शनहाउस रोडवरचा जोडबंगला बाहेरून बघा. 1856-57 चा, होमवुडच्या जरा आधीचा. दोन कुटुंबांची दोन घरं, पण जुळ्यांसारखी डावी-उजवी नाहीत. एकच आराखडा अर्ध्या फेऱ्याने फिरवून पाठीला पाठ लावली आहे. त्यामुळे रस्त्याकडून एका घराची पुढची आणि दुसऱ्याची मागची बाजू मिळून एकच मोठा बंगला दिसतो. मागच्या अंगालाही तसंच. दोन्ही मालकांना आपला बंगला दुप्पट मोठा दाखवता आला. ही खासगी घरं आहेत, तेव्हा फुटपाथवरूनच.

तिथून स्ट्रॅथबंगोचं मोरे प्लेस. दहा घरांची चाळवजा रांग, 1859 च्या सुमारास सुरू झालेली. दोन टोकांची घरं देवळाच्या तोंडासारखी पुढे आलेली आणि मधे वरच्या मजल्यावर एकसारख्या चौकोनी खांबांची न थांबणारी रांग. कुठलं घर कुठे संपतं हे बाहेरून शोधून दाखवा. पहिल्या क्रमांकाच्या घरात थॉमसन स्वतः राहिला आणि तिथेच वारला. त्याआधी 1850 च्या दशकात नदीजवळच्या दाट वस्तीत राहत असताना त्याची मुलं पाठोपाठ दगावली होती. दक्षिणेकडच्या मोकळ्या हवेत तो आला तो त्यानंतर.

शहराच्या मध्यभागी सेंट्रल स्टेशनच्या अगदी शेजारी, युनियन स्ट्रीटवर इजिप्शियन हॉल्स आहे, 1870-72 ची. दुकानं आणि गोदामांची चार मजली इमारत. प्रत्येक मजल्याचे खांब वेगळे, आणि सर्वात वर बुटके, जाड, इजिप्ती धाटणीचे खांब, त्यांच्यामागे सलग काच. होमवुडच्या अर्धगोल खिडकीची युक्ती इथे सरळ रेषेत रस्ताभर ताणली आहे. गंमत अशी की कमानीचा हा शत्रू आत बिनदिक्कत लोखंड वापरतो: दगडी दर्शनी भागामागे ओतीव लोखंडाचा सांगाडा आहे. धंद्याच्या इमारतीत मोकळी जमीन हवी होती आणि दगडी तुळईने ती मिळत नव्हती. ही इमारत कितीतरी वर्षं रिकामी आणि परांचीच्या आड आहे, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरून जेवढं दिसेल तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. एवढी महत्त्वाची इमारत भर शहरात अशी पडून राहावी ही ग्लासगोसाठी शरमेची गोष्ट आहे, यात शंका नाही.

तिथून दहा-बारा मिनिटं चढ चढून सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटचं चर्च, 1857-59, म्हणजे होमवुडबरोबरच आराखड्याच्या टेबलावर असलेलं. उतारावर प्रचंड जोतं, जोत्यावर ग्रीक देऊळ, शेजारी कुठल्याच एका शैलीत न बसणारा मनोरा. देवळाच्या पुढच्या खांबांपर्यंत जायला पायऱ्याच नाहीत. दारं खाली जोत्यात आहेत. शहराच्या मालकीची ही इमारत आत जाऊन पाहायला मिळेलच असं धरू नका. पण थॉमसनची तीन मोठी चर्चं होती त्यातलं धड राहिलेलं हे एकच. क्वीन्स पार्कचं 1943 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, कॅलेडोनिया रोडचं 1965 च्या आगीत. दुसऱ्याचा मनोरा आणि दर्शनी भिंत गॉर्बल्समध्ये अजून उभी आहे, आत छप्पर नाही. वेळ उरला तर ग्रेट वेस्टर्न टेरेस आणि केल्विनसाइडच्या साठ पायऱ्या. उरला नाही तर चुकल्याची रुखरुख नको.

जाण्याची सोय सोपी आहे. ग्लासगो सेंट्रलहून कॅथकार्टला जाणाऱ्या लोकल गाड्या आहेत, प्रवास पाव तासाच्या आत-बाहेर, आणि स्टेशनपासून नेदरली रोडने चालत आणखी तेवढंच. परतीच्या तिकिटात मधे क्वीन्स पार्कला उतरून मोरे प्लेस करता येतं. खरी अडचण वेळापत्रकाची: घर वर्षभर उघडं नसतं आणि हंगामातही आठवड्याचे मोजकेच दिवस. ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचे दिवस आणि आत घेण्याची शेवटची वेळ बघूनच निघा. बंद फाटकाबाहेरून घर नीट दिसत नाही. ट्रस्टचं सभासदत्व असेल तर तिकीट लागत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये आणखी तीन-चार ठिकाणं करायची असतील तर सभासदत्वाचा हिशेब करून बघायला हरकत नाही. वरच्या मजल्यावर जिना चढून जावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीच्या आजी-आजोबांना दिवाणखान्याबद्दल आधीच विचारून घ्या. खालच्या दोन खोल्या आणि बाग एवढ्यावरही त्यांची फेरी फुकट जाणार नाही. खाणं बरोबर ठेवा, बागेत बसून खाता येतं. दीड तास घरासाठी, अर्धा तास बाहेरून बघण्यासाठी धरा. छोटी दुर्बीण असेल तर न्या: जेवणाच्या खोलीतला चित्रपट्टा आणि रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले दोन्हींना ती लागते.

आणि एकाच दिवसात मॅकिंटॉश आणि थॉमसन दोघंही उरकायचा बेत असेल तर सकाळ होमवुडला द्या. दुपारनंतर पोहोचलात तर शेवटच्या प्रवेशाची वेळ गाठण्यातच सगळी गडबड होते, आणि जेवणाच्या खोलीला पाच मिनिटंसुद्धा उरत नाहीत.